कमी उंचीचा चालक आणि मोटारसायकल : आसनाची उंची, तोल व फेरफार यांचे विवेचन

प्रस्तावना

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ असे सांगतो की, मागे दुसरी व्यक्ती बसू शकेल अशा प्रत्येक मोटारसायकलीला हाताने धरण्यासाठी कायमची मूठ, पाय ठेवण्यास पायदान आणि मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक असले पाहिजे. या संरक्षकाचा हेतू मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत हा आहे. आपल्या रस्त्यांवर हे कपडे बहुधा साडीचे, ओढणीचे असतात, हे वेगळे सांगावयास नको. मागे बसणाऱ्या स्त्रीच्या पदराचा विचार नियमाने केला. पुढे बसणाऱ्या कमी उंचीच्या व्यक्तीचा पाय जमिनीपर्यंत पोहोचतो किंवा नाही, हा प्रश्न मात्र ग्राहकाने शोरूममध्ये एकट्याने सोडवावयाचा असतो. 'तुम्हाला ही गाडी झेपणार नाही, स्कूटर बघा' हे तेथील ठरलेले उत्तर होय.

हा प्रश्न अपवादात्मक व्यक्तींचा नाही. निरनिराळ्या देशांतील उंचीच्या नोंदींचे जे आंतरराष्ट्रीय संकलन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार १९९६ मध्ये जन्मलेल्या भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५३ सेंमी, तर पुरुषाची सुमारे १६५ सेंमी आहे. सरासरी १५३ म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रिया त्याहून ठेंगण्या, आणि पुरुषांतही १६० सेंमीखालील व्यक्तींची संख्या थोडी नाही. स्कूटर हे सर्वांसाठी उत्तर ठरत नाही. तिची चाके साधारणतः १० किंवा १२ इंचांची, तर नेहमीच्या मोटारसायकलीची १७ वा १८ इंचांची असतात. खड्डा जितका खोल, तितके लहान चाक त्यात अधिक अडकते. ग्रामीण महाविद्यालयात रोज ३०-४० किलोमीटर ये-जा करणाऱ्या प्राध्यापिकेला हा फरक पुस्तकाशिवाय कळतो. प्रस्तुत लेखात कमी उंचीच्या चालकाने मोटारसायकल कशी निवडावी, तिच्यात कोणते फेरफार कोणत्या क्रमाने करावेत आणि कोणते टाळावेत, याचे विवेचन केले आहे.

आसनाची उंची : एक अपुरा आकडा

अभिकल्पशास्त्रात एक जुने तत्त्व आहे. जेथे पोहोचावयाचे असते तेथे लहान चणीची व्यक्ती प्रमाण मानावी व जेथे मावावयाचे असते तेथे मोठ्या चणीची. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रबर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मापांच्या सरासरीबरोबर त्यांचे शतमकही दिले जातात ते याचसाठी. या तत्त्वानुसार आसनाची उंची लहान चणीच्या व्यक्तीवरून ठरावयास हवी. तथापि आसनाखाली इंजिन असते, इंजिनाखाली जमिनीपासूनचे अंतर राखावे लागते आणि चाकांना वरखाली होण्यास जागा ठेवावी लागते. गाडी जितकी खडतर रस्त्यासाठी, तितके तिचे आसन उंच.

उत्पादकांच्या माहितीपत्रकांतील काही आकडे येथे उपयोगी पडतील. हीरो स्प्लेंडर प्लसचे आसन ७८५ मिमी उंच व गाडीचे वजन ११२ किलो. बजाज ॲव्हेंजर क्रूझ २२० चे आसन ७३७ मिमी व वजन १६३ किलो. २०२१ मध्ये नव्या रूपात आलेल्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चे आसन ८०५ मिमी व वजन १९५ किलो. होंडा ॲक्टिव्हाचे आसन सुमारे ७६५ मिमी, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा केवळ २ सेंमीने खाली. 'स्कूटर ठेंगणी व मोटारसायकल उंच' हा समज आकड्यांवर फारसा टिकत नाही.

आता चालकाचे माप. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, कडक पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांमध्ये वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. १५२ सेंमी उंचीच्या व्यक्तीत हे माप साधारणतः ७० सेंमी भरते. ७०० मिमीचा पाय आणि ७८५ मिमीचे आसन पाहून कोणीही म्हणेल की, विषय संपला. परंतु चालक बसताच गादी व स्प्रिंग मिळून सुमारे ३० मिमी दबतात. उरले ७५५. बुटाचा तळ २५ मिमी आणि टाच उचलून चवड्यावर उभे राहिल्यास आणखी सुमारे ७० मिमी धरले, तर पाय ७९५ होतो. यातून आसनाच्या रुंदीमुळे मांड्या फाकतात त्याचे सुमारे ४० मिमी वजा करावेत. शिल्लक ७५५. म्हणजे स्प्लेंडरवर १५२ सेंमी उंचीच्या व्यक्तीचे दोन्ही चवडे जेमतेम टेकतात. याच हिशेबाने क्लासिकवर २० मिमी कमी पडतात आणि ॲव्हेंजरवर पाऊल जवळजवळ पूर्ण टेकते. गृहीत धरलेले आकडे व्यक्तीनुसार थोडे बदलतील. हिशेबाची रीत बदलणार नाही.

खरा प्रश्न झुकण्याचा

२० मिमी कमी पडले म्हणजे नेमके काय होते? गाडी एका बाजूस किंचित झुकते आणि पाय टेकतो. पाय गाडीच्या मध्यरेषेपासून ३० सेंमी बाहेर टेकतो असे धरल्यास, २ सेंमी भरून काढण्यास गाडी सुमारे ४ अंश झुकावी लागते. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंमी उंचीवर आणि हँडल १ मीटर उंचीवर आहे असे मानू. १९५ किलोची गाडी एवढी झुकली की ती सावरून धरण्यास हँडलपाशी सुमारे ६.५ किलोचा जोर लागतो. कोणतीही निरोगी प्रौढ व्यक्ती तो सहज लावू शकते.

आता पाय जेथे टेकणार तेथे ५ सेंमी खोल खड्डा आहे असे समजा. एकूण ७ सेंमी भरून काढावयाचे. गाडी साडेतेरा अंश झुकते आणि लागणारा जोर सुमारे २३ किलो होतो. हाच खड्डा स्प्लेंडरच्या वाट्याला आला तर झुकाव साडेनऊ अंश आणि जोर सुमारे ९ किलो. गाडी पडते ती येथे. आसन २ सेंमी उंच होते म्हणून ती क्वचितच पडते. उंच आसन, मोठे वजन आणि पायाखालची खोलगट जागा ही तिन्ही एकत्र आली की पडते. यांपैकी आसनाचा आकडा तेवढा जाहिरातीत छापला जातो व गिऱ्हाईकही तेवढाच विचारते.

निवड करताना म्हणून आसनाबरोबर वजन पाहावे, आणि दोहोंत एकच साधत असेल तर नवशिक्या चालकाने वजनास प्राधान्य द्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ॲव्हेंजरसारख्या ठेंगण्या क्रूझर गाड्यांची शिफारस सरसकट केली जाते. त्यांवर पाय टेकतो हे खरे. मात्र त्यांची पायदाने पुढे असतात, हँडल रुंद असते, आणि आखूड हातापायांच्या चालकास वळताना बाहेरच्या मुठीपर्यंत हात ताणावा लागतो. शोरूममध्ये गाडीवर सरळ बसून समाधान मानू नये. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावे.

फेरफारांचा क्रम

पहिला फेरफार फुकटात होतो आणि तोच बहुधा कोणी करीत नाही. बहुतेक मोटारसायकलींच्या मागील शॉकॲब्सॉर्बरला पायऱ्यांचे कडे असते. सी आकाराच्या पान्याने ते फिरवून स्प्रिंग आधीपासून किती दाबलेली असावी हे ठरविता येते. ६५-७० किलोच्या चालकाखाली जी स्प्रिंग योग्य दबते, ती ४८ किलोच्या चालकाखाली तितकी दबत नाही. ठेंगणी व्यक्ती बहुधा हलकीही असते, त्यामुळे तिच्यासाठी तीच गाडी प्रत्यक्षात अधिक उंच ठरते. कडे सर्वांत मऊ पायरीवर आणल्यास काही मिलिमीटर मिळतात व गाडी खड्ड्यांवर आदळणेही कमी होते. मागे कोणी बसणार असेल तेव्हा ते पूर्ववत करावे.

दुसरा फेरफार गादीचा. प्रत्येक तालुक्याच्या गावी सीट कव्हर शिवणारा असतो आणि तो तासाभरात फोम कापून देतो. त्याला 'उंची कमी करा' एवढेच सांगितले तर तो वरून सपाट काप घेईल. असे करू नये. फोम पातळ झाला की तळाचा पत्रा वा प्लॅस्टिक टोचू लागते, पायदाने जवळ येऊन गुडघे अधिक दुमडतात आणि तासाभराच्या प्रवासात कंबर धरते. त्याऐवजी टाकीलगतचा भाग दोन्ही बाजूंनी निमुळता करवून घ्यावा. याचे कारण साध्या भूमितीत आहे. ७० सेंमीचा पाय २५ सेंमी बाहेर फाकला तर त्याची उभी पोहोच ६५.४ सेंमी होते. १५ सेंमीच फाकला तर ६८.४ सेंमी. गादीची उंची तसूभरही न घटविता ३ सेंमी मिळाले! उंचीतून १५-२० मिमी काढावयाचे झाल्यास दाट फोम वापरावा, आणि मूळ गादी घरी ठेवून दुसरी जुनी गादी कापावी. काही उत्पादक स्वतःच ठेंगणी गादी देतात. २०२३ च्या अखेरीस आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० चे आसन ८२५ व ८४५ मिमी अशा दोन उंचींवर बसविता येते, आणि ८०५ मिमीपर्यंत आणणारी गादी वेगळी मिळते. अशी सोय असल्यास ती प्रथम घ्यावी.

क्लच व ब्रेकच्या दांड्यांचाही येथेच विचार व्हावा. लहान हाताच्या व्यक्तीची बोटे दांडीच्या टोकापर्यंत पूर्ण वेढली जात नाहीत, क्लच अर्धवट सुटतो, गाडी झटका देऊन बंद पडते आणि दोष उंचीवर ढकलला जातो. दांडीचा कोन किंचित खाली वळविणे, तारेचा सैलपणा योग्य राखणे, किंवा अंतर कमी-जास्त करता येणारी दांडी बसविणे, ही कामे कोणत्याही गॅरेजात होतात.

तिसरा फेरफार गाडीच बुटकी करण्याचा. पुढील फोर्कच्या नळ्या पकडीत वर सरकवितात आणि मागे आखूड शॉकॲब्सॉर्बर वा वेगळी लिंक बसवितात. येथे फार सावध असावे. चाकांतील अंतर १४०० मिमी असेल आणि फक्त मागचा भाग २५ मिमी खाली आणला, तर सबंध गाडी सुमारे १ अंशाने मागे कलते. हँडलच्या अक्षाचा उतार तेवढाच वाढतो, पुढच्या चाकाचे 'ट्रेल' काही मिलिमीटरने वाढते आणि मंद वेगात हँडल जड होते. फक्त पुढचा भाग खाली घेतला तर उलट होऊन गाडी वेगात चंचल होते. म्हणून दोन्ही टोके सारखीच उतरवावीत. तसे केले तरी जमिनीपासूनचे अंतर घटते, गतिरोधकावर पोट घासते आणि घाटातील वळणावर पायदान लवकर टेकते. बाजूचा स्टँड मूळ लांबीचाच राहिल्यामुळे गाडी त्यावर जवळजवळ ताठ उभी राहते व डावीकडून हलकासा धक्का लागला तरी पलीकडे कोसळू शकते. स्टँड कापून पुन्हा वेल्डिंग करावे लागते, मधल्या स्टँडवर गाडी चढविणे कठीण होते आणि दोघे बसले असता मागचे टायर मडगार्डला लागण्याचा संभव असतो. ज्या व्यक्तीसाठी हा खटाटोप केला, तिलाच ती गाडी सांभाळणे अधिक अवघड व्हावे, असा हा प्रकार आहे. २५ मिमीच्या पलीकडे जावे लागत असेल तर गाडी बदलणे शहाणपणाचे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीवर भर दिला आहे. गादी निमुळती करणे किंवा स्प्रिंगचे कडे फिरविणे यात असा तपशील बदलत नाही. चासी कापणे वा चाकांतील अंतर बदलणे यात बदलतो.

रस्ता, पाय आणि परवाना

थांबताना दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत, असा आग्रह कोणी धरू नये. कमर डावीकडे थोडी सरकवून डावा पाय पूर्ण टेकवावा व उजवा पाय मागील ब्रेकवर ठेवावा. चढावर तर हीच रीत योग्य, कारण गाडी मागे घसरत नाही. मात्र आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता बांधलेला असतो. कडेला थांबलो की डावा पाय नेमका उताराच्या बाजूस पडतो, शिवाय डांबराची कड तुटून तेथे खाच पडलेली असते. वर हिशेब केलेला ५ सेंमीचा खड्डा तो हाच. कमी उंचीच्या चालकाने म्हणून डांबराच्या कडेपासून हातभर आत, सपाट जागा आधी हेरून थांबावे, आणि गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी हँडल सरळ करावे.

राहिली बाब परवान्याची. अधिनियमाच्या कलम १० मध्ये गिअरविरहित व गिअरसहित मोटारसायकल हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. आपल्या विद्यार्थिनी बहुधा घरच्या स्कूटरवर चाचणी देतात व त्यांना पहिल्याच वर्गाचा परवाना मिळतो. पुढे नोकरीनिमित्त मोटारसायकल चालवावयाची वेळ आली की शिकाऊ परवान्यापासून सारे पुन्हा करावे लागते. मुळात चाचणीत गाडी चालती असताना पाय टेकवावयाचाच नसतो, त्यामुळे तेथे पायाच्या लांबीचा फारसा प्रश्न येत नाही. ११२ किलोची, मऊ पायरीवर आणलेली साधी १०० सीसी गाडी त्यासाठी पुरते.