शेपटीचे चाक

विमान चालविण्याचा परवाना मिळालेल्या माणसाला पुन्हा शिकाऊ व्हावे लागते, असे सांगितले तर आपणांस नवल वाटेल. माझ्यावर ही पाळी अमेरिकेत आली. तेथे खासगी वैमानिकाला शेपटीचाकी विमान स्वतःच्या जबाबदारीवर उडवावयाचे असेल, तर निराळे शिक्षण घेऊन नोंदवहीत शिक्षकाची सही घ्यावी लागते. १५ एप्रिल १९९१ पूर्वी अशी विमाने प्रमुख वैमानिक म्हणून चालविलेल्यांना तेवढी सूट आहे. तासांची अट नाही. शिक्षकाची खात्री पटेपर्यंत, एवढीच काय ती मुदत!

एका चाकाचे एवढे काय, असे मलाही वाटले होते. मी शिकलो सेस्ना १७२ वर. तिचे तिसरे चाक नाकाखाली. जुन्या पायपर कबचे शेपटीखाली. पण खरा फरक वजनाच्या जागेत आहे. सेस्नाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, कबचा मागे. बाण घ्या. टोक जड आणि पिसे मागे, म्हणून तो सरळ जातो. तोच पिसे पुढे करून फेकला, तर गर्रकन फिरून टोक पुढे करील. जमिनीवर धावताना मुख्य चाकांचे घर्षण हीच विमानाची पिसे. कबमध्ये ती जड भागाच्या पुढे आहेत! नाक थोडे वाकडे झाले की मागचे वजन पुढे येऊ पाहते, आणि वेळीच आवरले नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेते. पंखाचे टोक जमिनीला घासते, कधी चाकाचा पायही मोडतो.

म्हणून सारी विद्या पायांत आहे, कारण सुकाणू पायांनी चालते. नाक सरकण्याची चाहूल लागताच हलका दाब, आणि लगेच सोडणे. उशिरा दिलेला मोठा दाब हा चुकीत भर घालतो. वारा आडवा असला की शेपटीचे उभे पाते वातकुक्कुटाप्रमाणे विमानाला वाऱ्याकडे वळवू लागते. शिवाय कबमध्ये विद्यार्थी मागे बसतो. जमिनीवर नाक वर असते आणि समोर दिसते ती शिक्षकांची पाठ. नागमोडी चालत बाजूंनी डोकावावे लागते.

उतरतानाही तेच वजन नडते. मुख्य चाके जोराने टेकली की शेपूट खाली जाते, पंखांचा वाऱ्याशी कोन वाढतो आणि विमान पुन्हा उडी घेते. उपाय दोन : तिन्ही चाके एकदम टेकवावीत, नाही तर मुख्य चाके अलगद टेकताच दांडी किंचित पुढे करून त्यांवरच धावावे. दोन्ही शिकावे लागतात.

पूर्वी ही वेगळी विद्या नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथही मागे टेकणारेच. अनेक विमानतळ मोकळी मैदाने होती. वाऱ्याकडे तोंड करून उतरता येई. आपल्या फ्लाइंग क्लबांत 'पुष्पक'वर शिकलेल्या जुन्या मंडळींना माझी ही हकीकत ऐकून हसूच येईल.

तिसऱ्या दिवशी एकदा मी फार सुरेख उतरलो. वेग मंदावला, मी खूश होऊन पाय सैल सोडले, आणि कब डावीकडे गवतात निघाली. शिक्षकांनी पुढून एक लाथ मारल्यासारखा पाय दाबला व तिला रेषेवर आणली. मग मागे न पाहताच त्यांनी विचारले, "उड्डाण संपले, असे तुम्हांला कोणी सांगितले?" सहीला आणखी पाच दिवस लागले.