डॅन्यूब नदीवर आठ दिवस

क्रूझ हा इंग्रजी शब्द अलीकडे सहलींच्या जाहिरातींतून वारंवार डोळ्यांपुढे येतो. त्याचा सरळ अर्थ, मौजेखातर केलेला बोटीचा प्रवास. आपल्याकडे बोटीत बसायचे ते पलीकडे पोचण्यासाठी. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीने कोकणात गेलेली जुनी माणसे तुमच्या गावात असतील, तर त्यांना विचारा. वळकटी, ट्रंका, उलट्या आणि केव्हा एकदा बंदर येते ही घाई! क्रूझच्या प्रवाशाला पोचायची घाई नसते. तो बोटीवर राहण्याचेच पैसे देतो.

श्रोतेहो, क्रूझ म्हटले की समुद्र आणि दहा-बारा मजल्यांचे जहाज आठवते. युरोपात मात्र नद्यांवरूनही असा प्रवास चालतो, आणि मी केला तो नदीवरचा. माझे थोरले मेव्हणे म्युनिकला असतात. त्यांनी आपल्या साठीच्या निमित्ताने आम्हां सर्वांना बोलावले, म्हणूनच प्राध्यापकाच्या पगारात न बसणारी ही चैन मे २०२३ मध्ये घडली. जर्मनीतील पासाऊ गावापासून हंगेरीची राजधानी बुडापेस्टपर्यंत डॅन्यूब नदीने आम्ही आठ दिवसांत गेलो. अंतर पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास. आपली एस.टी. रातराणी एका रात्रीत एवढी मजल मारते!

डॅन्यूब जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ भागात उगम पावते आणि सुमारे २,८५० किलोमीटर वाहून काळ्या समुद्राला मिळते. आपल्या गोदावरीच्या जवळजवळ दुप्पट लांब. वाटेत दहा देश तिला लागतात. इतक्या देशांना शिवणारी दुसरी नदी जगात नाही. आणखी एक गंमत आहे. नदीची लांबी साधारणपणे उगमापासून मोजतात. डॅन्यूबचे किलोमीटर मात्र मुखापासून वर मोजले जातात. काठावरच्या पाट्यांवर पासाऊला २,२२६ च्या जवळपासचा आकडा दिसतो आणि आपण पुढे जाऊ तसतसा तो कमी होत जातो. समुद्र किती दूर राहिला, हे खलाशाला पाटीवरून कळते.

पासाऊला तीन नद्यांचा संगम आहे. आल्प्स पर्वतातील बर्फाचे पाणी घेऊन येणारी इन नदी हिरवट दिसते. इल्झ ही छोटी नदी दलदलीच्या रानातून येते म्हणून काळसर. आणि मधली डॅन्यूब मातकट. तीन रंगांचे पाणी काही अंतर शेजारी शेजारी चालते. नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत. १५०१ सालची खूण सर्वांत वर, आणि तिच्या खाली २०१३ सालची. सांगलीच्या आयर्विन पुलावरचे फूट मोजणाऱ्या माणसाला त्या भिंतीपुढे उभे राहिले की परके वाटत नाही.

आता बोट. लांबी १३५ मीटर, म्हणजे एस.टी.च्या अकरा-बारा गाड्या एकीमागे एक लावल्या तर होईल एवढी. रुंदी मात्र साडेअकरा मीटरसुद्धा नाही. इतकी लांब आणि इतकी अरुंद का? डॅन्यूब आणि मेन या नद्या जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ मध्ये पुरा झाला, आणि त्यामुळे उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत नावांना सलग वाट मिळाली. पण त्या वाटेवरच्या पाण्याच्या दरवाज्यांची रुंदी बारा मीटर. त्यातून जी जाईल तीच बोट बांधायची. उंचीचेही तसेच. जुने पूल ठेंगणे आहेत, म्हणून कप्तानाची खोली यंत्राने खाली बसते, गच्चीवरच्या छत्र्या मिटतात, आणि गच्चीवर कोणी उभे राहू नये म्हणून हुकूम सुटतो.

ते पाण्याचे दरवाजे म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे. पासाऊपासून बुडापेस्टपर्यंत नदी दोनशे मीटरांच्या आसपास खाली उतरते. विजेसाठी तिच्यावर ठिकठिकाणी बंधारे घातले आहेत. बंधारा आला की वरचे पाणी उंच, खालचे सखल. मग बोट खाली उतरणार कशी? बंधाऱ्याच्या कडेला काँक्रिटचा एक लांबलचक हौद असतो. त्याला दोन दरवाजे, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. याला इंग्रजीत लॉक म्हणतात, मराठीत जलपाश असाही शब्द आहे. हौद वरच्या पातळीपर्यंत भरलेला असताना बोट आत येते. मागचा दरवाजा लागतो. तळाच्या झडपा उघडतात आणि हौदातले पाणी आपले आपण खालच्या नदीत निघून जाते. पाण्याबरोबर बोटही खाली बसते. आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीला आले की पुढचा दरवाजा उघडतो आणि बोट बाहेर पडते. वर चढायचे असेल तर हाच क्रम उलटा. वरच्या नदीचे पाणी आत घ्यायचे. यात पंप कुठेही नाही. पाटाच्या मोऱ्या ज्याने हाताळल्या आहेत, त्याला यातले काही नवीन वाटू नये.

शिक्षकांसाठी एक गणित देतो. ऑस्ट्रियातील हे हौद सामान्यतः २३० मीटर लांब आणि २४ मीटर रुंद आहेत. पाणी दहा मीटर उतरले असे धरा. एका खेपेला किती लिटर पाणी खाली गेले? उत्तर साडेपाच कोटींच्या वर येते. मुलांना आधी अंदाज करायला सांगावा, मग मांडणी.

आमच्या वाटेवर असे अकरा हौद होते. त्यांतले बरेचसे रात्री येत. पहिल्या रात्री दोनच्या सुमारास दणका बसून मला जाग आली. पडदा सारला तर नदी नाही, काठ नाही. खिडकीबाहेर हातभर अंतरावर ओली, शेवाळलेली भिंत, आणि ती सावकाश वर चाललेली! क्षणभर छातीत धस्स झाले. शेजारी सौभाग्यवती घोरत होत्या. पाव तासाने भिंत संपली, तारे दिसले, आणि इंजिनाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

बोटीवरचा दिनक्रम शिस्तीचा. रात्री दाराखालून दुसऱ्या दिवसाचा छापील कार्यक्रम सरकवला जातो. सकाळी गाव येते, कानात बोलणारे यंत्र अडकवून पंचवीस-तीस जणांची तुकडी वाटाड्यामागे निघते, दुपारी सर्व मंडळी जेवायला परत. मेल्क येथील बेनेडिक्टाईन साधूंचा मठ १०८९ सालचा, सध्याची भव्य इमारत अठराव्या शतकातील. तिथले ग्रंथालय पाहायला आम्हांला वीस मिनिटे मिळाली. एवढ्यात तर पुस्तकांच्या पाठीही वाचून होत नाहीत! प्रवासी बहुतेक सत्तरीच्या पुढचे. त्यांना घाईचे काही वाटत नव्हते, कारण जेवणाची वेळ चुकत नव्हती. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण बटाट्याशी चांगली ओळख होते. धक्क्यावर जागा अपुरी असल्याने तीन-तीन बोटी एकमेकींना बिलगून उभ्या करतात. तेव्हा काठावर जायचे तर परक्या बोटीच्या दिवाणखान्यातून जावे लागते, आणि आपल्या खिडकीतून व्हिएन्नाऐवजी समोरचे आजोबा दाढी करताना दिसतात. जाहिरातीतल्या चित्रांत हे नसते.

मेल्क ते क्रेम्स हा छत्तीस किलोमीटरांचा वाखाउ नावाचा टापू मात्र चित्रातल्यापेक्षा सरस. येथे नदी मोकळी वाहते, बंधारा नाही. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर दगड रचून घातलेल्या ताली, त्यांवर द्राक्षांचे मळे, खाली जर्दाळूच्या बागा. चुना-सिमेंट न घालता रचलेल्या त्या ताली पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त करून टिकवल्या आहेत. मध्येच ड्यूर्नश्टाइनचा पडका किल्ला दिसतो. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड धर्मयुद्धाहून परतताना पकडला गेला आणि ११९२-९३ च्या हिवाळ्यात येथे कैदेत होता.

व्हिएन्नाबद्दल फार सांगत नाही. त्या शहरावर पुस्तके पुष्कळ आहेत. एवढेच सांगतो, की बोटीतून उतरल्यावर जुने शहर गाठायला भुयारी रेल्वे पकडावी लागते. पुराच्या भीतीने तिथली नदी १८७० ते १८७५ या काळात सरळ करून नव्या पात्रात घातली गेली आहे.

व्हिएन्नाच्या पुढे हाइनबुर्गजवळ नदीकाठी दाट पाणथळ जंगल लागते. १९८४ मध्ये येथे वीजकेंद्र बांधायचे ठरले होते. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत हजारो माणसे त्या जंगलात ठाण मांडून बसली. पोलिसांशी झटापटी झाल्या. शेवटी नाताळच्या तोंडावर सरकारने काम थांबवले, आणि १९९६ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. ऑस्ट्रियाची निम्म्याहून अधिक वीज पाण्यापासून होते हे ध्यानात घेतले, म्हणजे या निर्णयाचे वजन कळेल.

ब्रातिस्लाव्हाच्या अलीकडे देव्हीन गावाशी मोरावा नदी मिळते. १९८९ पर्यंत या काठाने काटेरी तारांचे कुंपण होते. ते ओलांडताना जीव गमावलेल्यांचे स्मारक तिथे आहे. आज हद्द कधी ओलांडली ते बोटीवर कळतही नाही. चारही देशांना मिळून एकच व्हिसा पुरतो.

माझ्या मते सगळ्या प्रवासात पाहण्यासारखे ठिकाण याच्या पुढे आहे, आणि त्याचा छापील कार्यक्रमात उल्लेखच नव्हता. ब्रातिस्लाव्हा सोडल्यावर बोट मूळ नदी सोडून एका प्रचंड कालव्यात शिरते. हा गाब्चिकोव्हो वीजकेंद्राचा कालवा, सुमारे सतरा किलोमीटर लांब. दोन्ही बाजूंना उंच बांध घालून पाणी जमिनीच्या वर उचलून धरले आहे. संध्याकाळच्या जेवणाची वेळ होती. मी गच्चीवर गेलो आणि पाहिले, तर बांधापलीकडे घरांची कौले आमच्या पायांच्या खाली! चर्चचे शिखर तेवढे आमच्या बरोबरीचे.

हकीकत अशी. १९७७ मध्ये हंगेरी आणि तेव्हाचे चेकोस्लोव्हाकिया यांनी दोन बंधारे बांधण्याचा करार केला. १९८९ मध्ये हंगेरीने लोकांच्या विरोधामुळे आपल्या वाट्याचे काम थांबवले. दुसऱ्या बाजूने काम चालूच ठेवले आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये बहुतेक पाणी कालव्यात वळवले. जुन्या पात्रात पाणी उतरले, काठच्या फाट्यांतले आणि विहिरींतले पाणी खाली गेले. तंटा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९९७ च्या निकालात दोघांनीही करार मोडला असे ठरले आणि वाटाघाटी करून मार्ग काढा असे सांगण्यात आले. दरम्यान डोब्रोहोश्त, व्होयका आणि बोदीकी ही तीन खेडी कालवा आणि जुने पात्र यांच्या बेचक्यात सापडली. कालव्याच्या पलीकडे जायचे तर तरीची वाट पाहायची. ती तर फुकट आहे; पण रात्री बाळंतीण अडली तर तिच्या घरच्यांनी काय करावे, हा विचार आमच्याकडच्या कुठल्याही बेटासारख्या वस्तीतला माणूस प्रथम करील.

खाली भोजनगृहात तेव्हा सफरचंदाची पोळी वाढत होते. वाढणारा मुलगा वेंगुर्ल्याचा निघाला. पहिल्याच दिवशी आमचे बोलणे ऐकून त्याने हळूच विचारले होते, "सर, तुमी खंयचे?" गोव्यात हॉटेलचे शिक्षण घेऊन तो आधी समुद्रावरच्या जहाजावर होता. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात, आणि आता सिंधुदुर्गातलीही पोरे या धंद्यात आहेत. त्याच्याबरोबरचे बाकीचे रुमानियाचे, हंगेरीचे, फिलिपाइन्सचे. करार सात महिन्यांचा, सुट्टीचा दिवस क्वचित. हाच फेरा त्याने वीस-एक वेळा केला होता, आणि व्हिएन्नात तो दोनदा उतरला होता. एकदा चपला घ्यायला, एकदा दात दुखत होता म्हणून. मी त्याला कालव्याबद्दल विचारले. म्हणाला, "सर, तो आला की आमची ताटे धुवायची वेळ. मी नाही बघितला कधी." त्याच्या पैशांतून घरी बहिणीचे नर्सिंगचे शिक्षण चालले होते, हे त्याने न विचारता सांगितले.

ज्यांना कधी असा प्रवास घडेल त्यांनी एक लक्षात ठेवावे, की पैसे आपण दिले तरी शब्द नदीचा चालतो. २०२२ च्या उन्हाळ्यात पाणी इतके आटले की सर्बियातील प्राहोव्होजवळ १९४४ मध्ये बुडवलेली जर्मन लढाऊ जहाजे उघडी पडली. अशा वेळी प्रवाशांना मध्येच उतरवून मोटारीने पुढे नेतात. उलट सप्टेंबर २०२४ मध्ये पूर आला तेव्हा व्हिएन्नात बोटी अडकून पडल्या. पुलाखालून जायला उंची उरली नव्हती. आणि गर्दीचेही भय आहे. २९ मे २०१९ च्या रात्री बुडापेस्टच्या मार्गारेट पुलाखाली एका मोठ्या बोटीची धडक बसून सहलीची लहान बोट काही सेकंदांत बुडाली. दोन डझनांवर माणसे गेली, बहुतेक दक्षिण कोरियाहून आलेली.

आम्ही बुडापेस्टला रात्रीच पोचलो. संसदेची इमारत दिव्यांनी उजळलेली, सगळे प्रवासी गच्चीवर, वाद्यसंगीत चालू. दुसऱ्या सकाळी मी त्याच काठाने पायी गेलो. संसदेपासून थोड्या अंतरावर पाण्याच्या कडेला लोखंडी जोड्यांची रांग आहे, साठ जोड. १९४४-४५ च्या हिवाळ्यात येथल्या ज्यूंना काठावर उभे करून, पायांतले जोडे काढायला लावून गोळ्या घातल्या. त्यांचे हे स्मारक २००५ साली झाले. त्यांत लहान मुलांचेही जोड आहेत. रात्री बोटीवरून ते दिसले नव्हते, कारण दिव्यांचा झोत वरच्या इमारतीवर होता.

या प्रवासाचा खर्च मोठा आहे, आणि तो न पेलणाऱ्यासाठी दुसरी वाट आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तुमचे कोणी तिकडे असेल, तर त्यांना मेल्क ते क्रेम्स दिवसाच्या साध्या बोटीचे तिकीट काढायला सांगा. मेल्कला आगगाडीने जाता येते. उन्हाळ्यात ही बोट रोज असते. प्रवाहाबरोबर खाली यायला दोन तासही लागत नाहीत. तीच बोट उलट वर जायला तीन तासांच्या आसपास घेते. नदीचा वेग काढायला मुलांना एवढी माहिती पुरे.