दगड नाही, केंद्र महत्त्वाचं : इंजिनची व्हॉल्व्ह सीट अचूक कशी घासतात?



माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिन दुरुस्तीचं काम करतात. पालकसभेत ते मला म्हणाले, "मॅडम, हा पुढं गॅरेजलाच बसणार. वर्तुळ, कोन, दशांश त्याला कशाला लागतंय? हिशोब आला तरी बास." तेव्हा मी काही बोलले नाही. पण एका रविवारी त्यांच्या गॅरेजमध्ये गेले आणि दोन तास काम बघत बसले. त्या दिवशी ते एका ट्रॅक्टरच्या हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट घासत होते. त्या एका कामात मला पाचवीची अर्धी भूमिती दिसली. तेच आज समजून घेऊ या.

व्हॉल्व्ह सीट म्हणजे काय?

इंजिनच्या सिलिंडरवर जे जाड झाकण असतं त्याला हेड म्हणतात. हेडमध्ये हवा आत घेणारे आणि जळालेला धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्ह दिसायला लांब दांडीच्या अळंबीसारखा. त्याची दांडी हेडमधल्या एका नळीतून वर-खाली सरकते. त्या नळीला गाईड म्हणतात. व्हॉल्व्ह बंद होताना त्याची तिरपी कड ज्या गोल कडीवर टेकते, ती कडी म्हणजे व्हॉल्व्ह सीट.

इंजिन मिनिटाला १,५०० फेरे फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो आणि बंद होतो, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच त्याची पाळी येते. म्हणजे तासाला ४५,००० वेळा! एवढ्या वेळा आपटून सीट झिजते आणि तिच्यावर खड्डे पडतात.

अचूकपणा कशासाठी?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेट घेतं. सीट नीट बसत नसेल तर दाबलेली हवा निसटते, इंजिन लवकर चालू होत नाही आणि ताकद कमी पडते.

दुसरं कारण उष्णतेचं आहे. धुराचा व्हॉल्व्ह लालभडक होईल इतका तापतो. त्याची बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच हेडमध्ये जाते. एका बाजूला फट राहिली तर तिथून गरम वायू सुसाट निघतो आणि व्हॉल्व्हची कड तिथेच जळते.

दगडच का वापरायचा?

सीट कापायला पात्यांचं कटरही मिळतं. पण सीट फार कठीण असेल तर हाताने फिरवलेलं पातं थरथरतं आणि पृष्ठभागावर बारीक लहरी उठतात. घासायच्या दगडात हजारो बारीक कण असतात. प्रत्येक कण अगदी थोडा धातू काढतो, त्यामुळे कठीण सीटही गुळगुळीत होते. अर्थात दगडही झिजतो. म्हणून त्याला वरचेवर आकार द्यावा लागतो.

काम कसं चालतं?

१. आधी गाईड तपासतात. दांडी गाईडमध्ये खुळखुळत असेल तर पहिल्यांदा गाईड बदलायचं, सीटला हात नंतर लावायचा.

२. गाईडमध्ये पायलट बसवतात. पायलट म्हणजे सरळ, घट्ट बसणारी पोलादी दांडी. दगड लावलेला होल्डर या पायलटभोवती फिरतो.

३. दगडाला आकार देतात. एका स्टँडवर ४५° चा कोन लावून फिरत्या दगडावरून हिऱ्याचं टोक हळूच सरकवतात. दगडाचं तोंड खडबडीत किंवा वाकडं असेल तर सीटही तशीच होणार.

४. थोडं थोडं घासतात. ड्रिलसारखं दिसणारं यंत्र होल्डरवर टेकवून काही सेकंदच चालवायचं, उचलायचं, बघायचं. जोर द्यायचा नाही. यंत्राचं वजन हातावर पेलायचं आणि ते पायलटच्या सरळ रेषेत धरायचं. बाजूला ओढलं की वर्तुळ बिघडलं.

५. कड पूर्ण गोल आणि स्वच्छ झाली की थांबतात. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो, मग स्प्रिंगचं मापही बदलतं.

६. पट्टीची रुंदी ठरवतात. ४५° ची पट्टी रुंद झाली असेल तर वरच्या बाजूने ३०° च्या आणि आतल्या बाजूने ६०° च्या दगडाने ती अरुंद करतात. ३०° चा दगड लावला की टेकण्याची जागा खाली सरकते, ६०° चा लावला की वर सरकते. पट्टी साधारण दीड ते दोन मिलिमीटर असते, पण खरं माप त्या इंजिनच्या पुस्तकात बघायचं. धुराच्या व्हॉल्व्हची पट्टी बहुधा थोडी रुंद ठेवतात, कारण तिथून उष्णता जायची असते.

शेवटी पायलटवर डायल गेज लावून सीटभोवती फिरवतात. काटा किती हलतो त्यावरून वर्तुळ केंद्रापासून किती सरकलं ते कळतं. अनेक इंजिनांना ०.०५ मिलिमीटरपर्यंतच फरक चालतो. एका मिलिमीटरचे २० सारखे भाग करा, त्यातला एक भाग! मग हेड नीट धुतात, कारण दगडाची भुकटी आत राहिली तर ती सगळं खाऊन टाकते. घासताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

केंद्र हललं तर?

मी विचारलं, "एवढं सगळं करायची गरज आहे का? पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासला की झालं, असं लोक म्हणतात." ते हसले. म्हणाले, "मॅडम, मीपण सुरुवातीला असंच केलं होतं. ऐन पेरणीच्या तोंडावर एक ट्रॅक्टर आला. गाईड ढिलं होतं, पण घाई होती म्हणून तसंच ठेवलं. दगडाने सीट घासली, वरून पेस्टही लावली. सीट आरशासारखी चमकत होती. दीड महिन्यात ट्रॅक्टर परत आला, व्हॉल्व्ह जळालेला. मजुरी गेली, नवा व्हॉल्व्ह पदरचा घातला, आणि त्या शेतकऱ्याचे पेरणीचे चार दिवस गेले ते वेगळेच."

चूक दगडाची नव्हती. ढिल्या गाईडमध्ये पायलट तिरका बसला, म्हणून सीटचं वर्तुळ भलत्याच केंद्राभोवती तयार झालं. व्हॉल्व्ह मात्र ढिल्या गाईडमध्ये डगमगत खाली यायचा आणि एका बाजूलाच टेकायचा. पेस्टने कड चमकते, पण सरकलेलं केंद्र जागेवर येत नाही.

हे ऐकून मला आपल्या मुलांच्या कंपासपेट्या आठवल्या. कंपासचं टोक एकाच भोकात पुन्हा पुन्हा रोवलं की भोक मोठं होतं, टोक हलतं आणि वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत. मुलं पेन्सिलला दोष देतात. गाईड म्हणजे ते भोक, पायलट म्हणजे कंपासचं टोक आणि दगड म्हणजे पेन्सिल. पेन्सिलला टोक काढायलाच हवं, पण टोकदार पेन्सिल हललेलं केंद्र दुरुस्त करू शकत नाही.

वर्गात काय करता येईल?

• एकाच केंद्रातून तीन वर्तुळं काढायला सांगा. मग केंद्र २ मिलिमीटर सरकवून चौथं काढा. दोन वर्तुळांमधली जागा एका बाजूला अरुंद, दुसरीकडे रुंद झालेली मुलांना लगेच दिसते.
• कोनमापकाने एकाच पायारेषेवर ३०°, ४५° आणि ६०° चे कोन काढून कोणता उतार जास्त उभा, ते विचारा.
• १ मिलिमीटरचे २० भाग म्हणजे ०.०५, हे फळ्यावर मांडा.

मी हा तास घेतला तेव्हा त्या मुलाच्या वडिलांना बोलावलं होतं. ते जुना व्हॉल्व्ह आणि झिजलेला दगड घेऊन आले. मुलांनी दोन्ही वस्तू हातात घेऊन फिरवून बघितल्या. जाताना ते मुलाला म्हणाले, "कंपास नीट धरायला शीक रे. माझं त्याच्यावाचून एकदा नुकसान झालंय."

पालकहो, तुमच्या कामात कोणतं गणित लपलंय ते मुलांना एकदा दाखवा. आम्हा शिक्षकांनाही ते बघायला नक्की बोलवा.