ग्रासकटरची दोरी ओढून हात दुखले, तरी इंजिन सुरू होईना? आधी प्लगला करंट येतोय का बघा

पावसाळा म्हटलं की गवत कंबरेएवढं वाढतं. बागेतलं गवत काढायला ग्रासकटर बाहेर काढावा, दोरी पंधरा-वीस वेळा ओढावी आणि इंजिनाने साधा आवाजही करू नये, हा अनुभव अनेकांना येतो. मेकॅनिककडे गेलं की उत्तर मिळतं, 'प्लगला करंट येत नाही, कॉइल बदलावी लागेल.'

पण कॉइल खरंच गेलेली असते का? दरवेळी नाही. खूपदा दोष एखाद्या स्वस्त भागात असतो. तो कसा शोधायचा, हे समजून घेऊ. लॉनमोअर आणि पॉवर वीडरच्या छोट्या पेट्रोल इंजिनांनाही हीच पद्धत लागू पडते.

बॅटरी नाही, मग ठिणगी कुठून येते?

इंजिन चालायला हवा-पेट्रोलचं मिश्रण, त्यावर पुरेसा दाब आणि योग्य क्षणी ठिणगी लागते. दोरीने सुरू होणाऱ्या या इंजिनांत ठिणगीसाठी बॅटरी नसते. दोरी ओढली की फ्लायव्हील नावाचं चाक फिरतं. त्यावर बसवलेलं चुंबक कॉइलच्या अगदी जवळून जातं आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. जाड वायरीतून तो प्लगपर्यंत पोहोचतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते.

म्हणजे तपासायच्या गोष्टी मोजक्याच: प्लग, त्याची टोपी, बंद करायचं बटण, त्याची वायर, चुंबक आणि कॉइल. स्वस्त भागापासून सुरुवात करायची.

हात लावण्याआधी

इंजिन थंड होऊ द्या. प्लगची टोपी काढून ठेवा, म्हणजे पातं हलवताना इंजिन चुकून सुरू होणार नाही. सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या आणि पेट्रोलचा डबा लांब ठेवा. करंट तपासताना प्लग किंवा वायर हातात धरू नका, झटका जोरदार बसतो.

पायरी १: बटण आणि प्लग

बटण 'चालू'वर आहे ना, हे आधी बघा. मग प्लग पान्याने काढा. टोक काळं आणि काजळीने भरलेलं असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा. पांढऱ्या चिनी मातीला तडा असेल तर प्लग बदला. टोकाची फट बहुतेक छोट्या इंजिनांत 0.6 ते 0.8 मिलिमीटर असते, नेमका आकडा मशिनच्या पुस्तिकेत मिळेल.

प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल आत पोहोचतंय. मग ठिणगीवरचा संशय वाढतो.

पायरी २: ठिणगी बघा

जुना प्लग परत जागेवर बसवून भोक बंद करा. त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर आली आणि जवळ ठिणगी पडली, तर पेट घेण्याचा धोका असतो. आता नवा प्लग टोपीत घाला आणि त्याचा आट्यांचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकेल असा अडकवून ठेवा. सावलीत उभं राहून दोरी जोरात ओढा.

निळसर ठिणगी दिसली, तर जुना प्लगच खराब होता. नाही दिसली, तर टोपी आतून गंजली आहे का, सैल झाली आहे का, ते बघा.

पायरी ३: बटणाची वायर

हीच पायरी बरेच जण विसरतात. इंजिन बंद करताना बटण कॉइलचा करंट बॉडीला जोडून टाकतं, म्हणून ठिणगी थांबते. ही बारीक वायर सोलली गेली किंवा उंदराने कुरतडली आणि बॉडीला टेकली, तर बटण चालू असूनही इंजिनाला ते बंदच वाटतं.

कॉइलकडची ही वायर काढा आणि पुन्हा तपासा. ठिणगी आली, तर कॉइल चांगली आहे, दोष वायरीत किंवा बटणात आहे. मात्र वायर काढलेली असताना इंजिन सुरू करू नका, ते बटणाने बंद होणार नाही.

काही फोर-स्ट्रोक इंजिनांत ऑइल कमी झाल्यावर ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो. त्यामुळे ऑइलची पातळीही बघून घ्या.

पायरी ४: चुंबक आणि कॉइल

मशिन दमट जागेत पडून असेल, तर चुंबकावर आणि कॉइलच्या पायांवर गंज चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढा. दोघांमधलं अंतर साधारण 0.3 मिलिमीटर, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढं असतं. कॉइलचे स्क्रू सैल करा, मध्ये कार्ड ठेवा, चुंबक कॉइलला ओढून घेईल. स्क्रू आवळा आणि कार्ड काढून घ्या.

मग कॉइल कधी बदलायची?

नवा प्लग, चांगली टोपी, बटणाची वायर काढलेली, अंतर बरोबर, आणि तरीही ठिणगी नाही? आता कॉइलवर संशय घ्यायला हरकत नाही. नवी आणताना मशिनचं मॉडेल सांगा.

आणि ठिणगी ठणठणीत असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर दोष कार्ब्युरेटर, जुनं पेट्रोल किंवा दाब यांत शोधा. मेकॅनिककडे जावं लागलं तरी, 'नवा प्लग लावला, बटणाची वायर काढून पाहिली' एवढं सांगितलंत, तर गरज नसलेला खर्च टळू शकतो.