माध्यम सर्व्हर, घरगुती

घरातील ध्वनिमुद्रणे, चित्रफिती व छायाचित्रे एकत्र साठवून ती दूरचित्रवाणी संच, मोबाइल, लॅपटॉप इ. उपकरणांना मागणीप्रमाणे पुरविणारा संगणक. यासाठी नवे यंत्र लागतेच असे नाही; कार्यालयातून बाद झालेला संगणक किंवा पडदा फुटलेला लॅपटॉपही पुरेसा होतो. ‘विंडोज १०’ या कार्यकारी प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’ साठी अपात्र ठरलेले, परंतु चालू स्थितीतील पुष्कळ संगणक त्यामुळे या उपयोगास मोकळे झाले आहेत.

तत्त्व : सर्व्हर व त्याचे ग्राहक-संच एकाच राउटरला तारेने वा वाय-फायने जोडलेले असतात. फायली घरातल्या घरातच फिरत असल्याने त्या पाहण्या-ऐकण्यासाठी इंटरनेटची गरज नसते. सेकंदास ८ मेगाबिट वेगाने मुद्रित झालेली चित्रफीत तासाला सु. ३·६ गिगाबाइट जागा व्यापते; म्हणजे १ टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर अशा सु. २७५ तासांच्या चित्रफिती मावतात. सेकंदास १०० मेगाबिट वहनक्षमतेची जुनी जालजोडणीदेखील अशा पाच-सहा चित्रफिती एकाच वेळी सहज वाहून नेते.

ग्राहक-संचाला फायलीचे स्वरूप समजत असेल, तर सर्व्हरला ती केवळ वाचून पाठवावी लागते व दुर्बल प्रक्रियकही हे काम करू शकतो. स्वरूप समजत नसल्यास सर्व्हरला ते चालू असतानाच बदलावे लागते. या क्रियेस ट्रान्सकोडिंग म्हणतात. हे काम जड असून २०११ पूर्वीचे बहुतेक संगणक त्यात मागे पडतात. म्हणून जुन्या यंत्रावर फायली आधीच सर्वसामान्य स्वरूपात बदलून ठेवणे श्रेयस्कर असते.

उभारणी : २ प्रक्रिया-गाभ्यांचा प्रक्रियक व ४ गिगाबाइट स्मृती सामान्यतः पुरते. जुनी कार्यकारी प्रणाली काढून तिच्या जागी ‘डेबियन’ यासारखी निःशुल्क लिनक्स प्रणाली घालतात. फायलींच्या देवाणघेवाणीसाठी ‘सांबा’, तर चित्रे व नावांसह सूची दाखवून फायली ऐकवण्या-दाखवण्यासाठी २०१८ मध्ये सुरू झालेली ‘जेलीफिन’ ही मुक्त आज्ञावली वापरतात. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायम करून ठेवल्यास इतर उपकरणांना तो दरवेळी शोधावा लागत नाही. तत्पूर्वी हार्ड डिस्कच्या स्वपरीक्षण नोंदी तपासाव्या लागतात. खराब कप्प्यांची संख्या वाढत असलेली डिस्क निरुपयोगी समजावी.

बीड जिल्ह्यातील उपयोग : मराठवाड्यातील या जिल्ह्यात मौखिक परंपरा समृद्ध आहे. गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत. माजलगाव येथील भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या त्यात समाविष्ट आहेत. संशोधकांपर्यंत न पोहोचलेले आवाज मात्र घरोघरी कॅसेटवर वा मोबाइलमध्येच राहतात. कॅसेटची फीत कालांतराने खराब होते आणि मोबाइल बिघडला की आतील संग्रहही जातो. ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारी कुटुंबे सहा-सहा महिने घराबाहेर असतात. त्यांच्याजवळील छायाचित्रे व मुद्रणे बहुधा एकाच मोबाइलमध्ये असतात. परतल्यावर ती घरच्या किंवा नात्यातल्या कोणाच्या सर्व्हरवर उतरवून घेणे हा या यंत्राचा सर्वांत मोलाचा उपयोग ठरतो.

कॅसेटवरील ध्वनी संगणकात घेण्यास जुना टेबलावरचा संगणक विशेष सोयीचा असतो. कारण त्याच्या मागील बाजूस ध्वनी आत घेण्याचे निळे छिद्र असते, जे बहुतेक लॅपटॉपांत नसते. कॅसेट-वादक साध्या तारेने तेथे जोडून ‘ऑडॅसिटी’ या निःशुल्क आज्ञावलीने मुद्रण करतात. ६० मिनिटांची कॅसेट असंपीडित स्वरूपात सु. ६३५ मेगाबाइट जागा घेते. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर अशा साडेसातशेहून अधिक कॅसेट मावतात. फायलीच्या नावात गाणाऱ्याचे नाव, गाव, वर्ष व प्रसंग लिहिणे अत्यावश्यक आहे. नोंद नसलेला आवाज एका पिढीनंतर ओळखता येत नाही. मुद्रण घराबाहेर प्रसारित करावयाचे असल्यास गाणाऱ्या व्यक्तीची अनुमती घ्यावी. विकत घेतलेल्या चित्रपट-संगीताच्या प्रती इतरांना वाटण्यास स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ ची मर्यादा आहे.

वीज, उष्णता व देखभाल : सरासरी ४० वॅट वीज घेणारा संगणक अहोरात्र चालल्यास महिन्यास सु. २९ युनिट, तर १५ वॅटचा लॅपटॉप सु. ११ युनिट वीज खर्च करतो. २००४ च्या सुमाराचे काही प्रक्रियक एकटेच ८० वॅटहून अधिक शक्तीचे असल्याने तसे यंत्र या कामास महाग पडते. ग्रामीण भागात वीज वारंवार जाते. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास फायली बिघडू शकतात. म्हणून अखंड वीजपुरवठा संच जोडावा व वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल अशी मांडणी मूलभूत प्रणालीत करावी. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी हेच काम करते, परंतु ती फुगलेली असल्यास तत्काळ काढून टाकावी. उन्हाळ्यात तापमान ४०° से. वर जाते, त्यामुळे यंत्र बंद कपाटात वा पत्र्याखाली न ठेवता हवेशीर जागी ठेवावे आणि पंख्यातील धूळ वेळोवेळी काढावी.

मर्यादा : सर्व्हर हा साठा आहे, रक्षण नव्हे. जुनी डिस्क केव्हाही निकामी होऊ शकते. म्हणून महत्त्वाच्या मुद्रणांच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर व त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, उदा., शहरातील नातेवाइकाकडे, ठेवण्याची पद्धत आहे. वर्षातून एकदा त्या उघडून ऐकून पाहाव्यात. यंत्र पूर्णतः निकामी झाल्यास ते भंगारात फोडू न देता, ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे पोहोचेल अशी व्यवस्था करावी. तत्पूर्वी डिस्क काढून घेऊन तिच्यावरील संग्रह दुसरीकडे उतरवलेला असल्याची खात्री करून घ्यावी.