विश्लेषण : तृतीयपंथी कैद्याची बराक कोणती? नियम आहेत, पण ते पाळण्याचे बंधन कोणावर?

मोरा परिसरात एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीला अटक झाली, न्यायालयीन कोठडी मिळाली आणि जामीन लांबला, तर पुढचा मुक्काम तळोजासारख्या कारागृहात. तिथे दारातच तीन गोष्टी ठरतात : झडती कोण घेणार, बराक कोणती आणि रोजची औषधे चालू राहणार का?

नागपुरात काय घडले?

नागपूर मध्यवर्ती कारागृहातील एका ट्रान्स महिलेला पुरुष विभागात ठेवले होते. तिथे लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप करत तिने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या ‘नाल्सा’ निकालातच मान्य केला होता.

केंद्राचे पत्र काय सांगते?

केंद्रीय गृह मंत्रालयाने 10 जानेवारी 2022 रोजी राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. झडती कैद्याच्या पसंतीच्या लिंगाच्या कर्मचाऱ्याने किंवा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्याने घ्यावी. राहण्याची जागा, स्वच्छतागृह वेगळे असावे. मात्र त्यातून कैदी एकटा पडू नये. खरी मेख इथेच आहे. ‘सुरक्षेसाठी’ म्हणून एकट्याला कोठडीत ठेवणे प्रशासनाला सर्वांत सोपे. शिवाय कारागृह हा राज्यांचा विषय, त्यामुळे केंद्राचे पत्र म्हणजे सल्लाच.

औषधांचे काय?

एचआयव्हीबाबत कायदा स्पष्ट आहे. 2017 च्या कायद्याने सरकारच्या ताब्यातील प्रत्येकाला तपासणी, समुपदेशन आणि उपचारांचा हक्क दिला. एआरटीच्या गोळ्यांत खंड पडला, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

संप्रेरक उपचारांची बाजू मात्र लंगडी. हे उपचार म्हणजे हौस नव्हे. ते अचानक थांबले तर झोप उडते, मन खचते. शस्त्रक्रियेने वृषण किंवा अंडाशय काढलेल्यांची हाडेही कालांतराने ठिसूळ होऊ शकतात. म्हणूनच प्रवेशाच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत चालू उपचारांची नोंद होणे कळीचे.

कैदी किती?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2020 अखेर देशातील 4 लाख 88 हजार 511 कैद्यांपैकी 70 तृतीयपंथी होते. समलिंगी कैद्यांसाठी या आकडेवारीत रकानाच नाही.

त्यांची अडचण भेटीच्या खिडकीवर येते. जोडीदार ‘नातेवाईक’ ठरत नाही. भेटीच्या हक्कात एलजीबीटीक्यू व्यक्तींशी भेदभाव नको, असे केंद्राने जुलै 2024 मध्ये राज्यांना कळवले. तेही पत्रानेच.