दार बंद झालें, म्हणजे निवाडा झाला काय?

"कोर्टानें फिर्याद काढून टाकली, तेव्हां फिर्यादीची बाजू खोटीच ठरली," असें साताऱ्याच्या पेठेंत आणि सांगलीच्या बाजारांत शहाणीं माणसेंहि बोलतात. हा समज घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

इ. स. १८३१ सालीं चेरोकी या अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांच्या राष्ट्रानें तेथील सुप्रीम कोर्टांत जॉर्जिया राज्याविरुद्ध दाद मागितली. तहांनीं राखून दिलेल्या आमच्या मुलखांत जॉर्जियानें आपले कायदे चालवूं नयेत, हें त्यांचें मागणें. सरन्यायाधीश मार्शल यांस त्यांची कींव आली. पण चेरोकी हें राज्यघटनेच्या अर्थानें 'परराष्ट्र' नव्हे, सबब कोर्टास अधिकार नाहीं, असें म्हणून त्यांनीं अर्ज काढून टाकला. हक्क खरा कीं खोटा, हें ठरलेंच नाहीं! पुढच्याच वर्षीं दुसऱ्या खटल्यांत त्याच कोर्टानें जॉर्जियाचे कायदे त्या मुलखांत चालत नाहींत, असा निकाल दिला. तरीहि १८३८ सालीं लष्कराच्या बळावर चेरोकींस हांकून लावण्यांत आलें आणि हजारों माणसें मेलीं.

हें परक्यांचें पुराण नव्हे. तंजावरचे शिवाजी महाराज १८५५ सालीं पुत्र नसतां वारले. कंपनीनें राज्याबरोबर खासगी मालमत्ताहि ताब्यांत घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टांत जिंकल्या. पण १८५९ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो हुकूमनामा फिरविला. कारण काय, तर हें राज्यसत्तेचें कृत्य. अन्याय झाला असला तरी कोर्टास त्याची दाद देतां येत नाहीं! आमच्या छत्रपति प्रतापसिंह महाराजांस तर कोर्टाची तेवढीहि पायरी लाभली नाहीं. १८३९ सालीं ते पदच्युत झाले व १८४७ सालीं काशीस निवर्तले. त्यांचे वकील रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनांत दारें ठोठावीत राहिले.

मग कोर्टांनीं आपली हद्द सोडावी काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. हद्द न पाळणारें कोर्ट आज आपल्या बाजूनें वागेल, उद्यां आपल्यावर उलटेल. मात्र एक दार बंद करणाऱ्या कायद्यानें दुसरें दार दाखविलें पाहिजे. आपल्या दिवाणी कायद्यांत ही सोय आहे. भलत्या कोर्टांत गेलेला दावा योग्य कोर्टांत दाखल करण्यासाठीं परत देतां येतो. दावा सद्‌भावानें व दक्षतेनें चालविला असल्यास तेथें गेलेला काळ १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणें वजा होतो. आणि ज्या मुद्द्याची सुनावणी होऊन अखेरचा निर्णय झालाच नाहीं, तो पुन्हां काढण्यास कायद्याची आडकाठी नाहीं.

यास्तव व्यापारी बंधूंस आमचें सांगणें कीं, दावा हरल्याचें ऐकून स्वस्थ बसूं नका. निकालाची नक्कल घ्या, आणि कोर्टानें 'तुमचें खोटें' म्हटलें आहे कीं 'येथें नव्हे' म्हटलें आहे, हें आधीं वाचा.